लाल फुल्या

पुण्यात आठवीला मराठी शिकवत होते तेव्हाची गोष्ट. चाचणीत 'रामाने आंबा खाल्ला' याचा प्रयोग विचारला होता. निम्म्या वर्गाने 'कर्तरी' लिहिलं. मी फुल्या मारून पेपर वाटले.

एक मुलगा म्हणाला, "बाई, पण खाणारा रामच ना?"

मी चपापले. 'करतो तो कर्ता' एवढंच मी घोकून घेतलं होतं! दुसऱ्या दिवशी आंब्याऐवजी रामाला चिंच दिली. 'खाल्ली' म्हणताच क्रियापद कर्माप्रमाणे बदलतं, हे मुलांनीच सांगितलं.

२०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा मी निवृत्त झाले होते. 'आकारिक मूल्यमापन' म्हणजे काय, ते मला त्या चिंचेनं आधीच शिकवलं होतं.

त्या चाचणीचे गुण मात्र मी बदलले नाहीत. ती रुखरुख अजून आहे.