हशा आणि क्रियापद

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या बॅगेत मराठी घर काय काय कोंबतं! थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, तीन लिटरचा कुकर, आणि वजनकाट्याने परवानगी दिलीच तर लोणच्याची बरणी. एकच गोष्ट भरून देता येत नाही, ती म्हणजे मित्र. तो तिथे गेल्यावर मिळवावा लागतो आणि तोही तिथल्या भाषेत.

आमचा भाचा 2024 च्या ऑक्टोबरात जर्मनीत आखेनला शिकायला गेला. मामा बँकेत, म्हणून पैशांचं खातं माझ्याकडे आलं. जर्मन सरकार हिशेबाला पक्कं. त्या सप्टेंबरपासूनच्या नियमाप्रमाणे वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो आधीच एका खात्यात कोंडून ठेवायचे आणि तिथे गेल्यावर महिन्याला 992 उचलायचे. गिऱ्हाइकावर एकाच वेळी इतका विश्वास आणि इतका अविश्वास दाखवणं आम्हांला इतक्या वर्षांत जमलेलं नाही.

भाषेची काळजी नको, असं सगळेच म्हणाले. "शिक्षण इंग्रजीत आहे हो!" ते खरंही होतं. वर्गात जर्मनवाचून काही अडत नव्हतं. अडत होतं ते वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात.

नोव्हेंबरात त्याचा फोन आला. बाहेर पाऊस, पाचच्या आत अंधार, आणि आवाज पडलेला.

"मामा, मी इथे उशिरा हसतो."

"म्हणजे रे?"

"जर्मनमध्ये जोडवाक्यात क्रियापद शेवटी येतं. मी त्याची वाट बघत बसतो. ते येतं तेव्हा बाकीचे हसून मोकळे झालेले असतात."

"अरे, मराठीतही क्रियापद शेवटीच येतं की!"

"हो, पण मराठीत कुठलं येणार ते आधीच कळतं."

यावर मला उत्तर सुचलं नाही. त्याच आठवड्यात त्याने आईला "परत येऊ का?" असं विचारलं होतं. हसणाऱ्या सात माणसांत गप्प बसणं किती जड जातं, ते त्या प्रश्नावरून कळलं.

गावात मराठी मुलं होती. रविवारी पोहे, गणपतीत आरती. अशा मंडळींना नावं ठेवणाऱ्याने एकदा परमुलखात ताप काढून बघावा, म्हणजे वरणभात घेऊन कोण येतं ते समजेल. पण हे मंडळ इतकं उबदार असतं, की दोन वर्षांत पदवी हातात पडते आणि जर्मन मात्र 'डांके'च्या पुढे सरकत नाही.

मदतीला आला तो कुकर. पहिली शिट्टी झाली आणि शेजारच्या खोलीतला जर्मन मुलगा काहीतरी फुटलं म्हणून धावत आला. आमच्या भाच्याने हात वर करून सांगितलं, "थांब! तीन शिट्ट्या. मग भात." पुढच्या वाक्यात क्रियापदच नसल्यामुळे ते ताबडतोब समजलं. मुलगा यंत्रशास्त्राचा. भात राहिला बाजूला, तो शिट्टीचं वजन उलटसुलट करून पाहू लागला.

मग व्याकरण निघालं. जर्मनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगं. पण वाटणी निराळी. चमचा तिथेही 'तो', पण काटा 'ती' आणि सुरी 'ते'! या अन्यायावर दोघं तासभर भांडले, आणि "दर बुधवारी सात वाजता" असं ठरवून उठले.

ही वेळ ठरवणं आपल्याला कोरडं वाटतं. आपण कसं प्रेमाने म्हणतो, "या एकदा घरी!" म्हणणारा विसरतो, ऐकणारा जात नाही, आणि संबंध चांगले राहतात. जर्मन माणसाला "ये" म्हटलं की तो डायरी काढतो. पण त्या बुधवारी, सातला, तो दारात उभा असतो.

बँकेतल्या माणसाला यात नवल नाही. मैत्री हे रिकरिंगचं खातं आहे. एकदम मोठी रक्कम भरून ते चालत नाही. हप्ता लहान असावा, पण चुकू नये. भाषा मोडकी असली तरी हप्ता जमा होतो.

तिथे विद्यार्थी पहिल्या दिवसापासून एकमेकांना 'डू', म्हणजे 'तू' म्हणतात. त्यावरून मैत्री झाली असं समजायचं नाही. ओळखीच्याला ते ओळखीचाच म्हणतात. 'फ्रॉइंड', म्हणजे मित्र, हा शब्द जपून खर्च करतात. त्या मुलाने पुढच्या उन्हाळ्यात आपल्या आईशी आमच्या भाच्याची ओळख 'माझा एक मित्र' अशी करून दिली, तेव्हा भाच्याने हे कळवायला मला रात्री साडेबाराला उठवलं.

परवा ताईने फोन केला, तर मागे स्वयंपाकघरात सगळे खो खो हसत होते आणि त्यांत तिच्या मुलाचाही आवाज होता, अगदी वेळेवर. "काय रे झालं?" तिने विचारलं.

"आई, ते मराठीत नाही गं सांगता येणार."

ताईने हे मला दोनदा सांगितलं. पहिल्यांदा जरा वाईट वाटून, आणि दुसऱ्यांदा पेढे वाटल्यासारखं.