घरी बसवलेली माणसं

सत्तरच्या दशकात जुन्नरच्या पेठेत किराणा दुकानात नोकरीला लागायला अर्ज लागत नसे. शेठच्या ओळखीचा कुणीतरी पोराला घेऊन जायचा, "शेठ, आपल्यातलंच पोरगं आहे" एवढं म्हणायचा, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानापुढे पाणी मारायला हजर. पहिलं वर्ष झाडलोट, पोती सरकवणं आणि शेठच्या घरचं दळण आणणं यातच जायचं. मग पुड्या बांधायला मिळत. वर टांगलेल्या रिळातून सुतळी ओढायची, रद्दीच्या कागदातल्या पाव किलो साखरेला दोन वेढे द्यायचे आणि बोटाच्या हिसक्याने ती तोडायची. हे जमलं की पोरगं कामाचं झालं. त्यानंतर तागडी. गल्ल्याशेजारी बसायला मात्र निम्मं आयुष्य लागे, आणि बऱ्याच जणांचं उरलेलं निम्मंही तागडीवरच जाई.

आज आमच्या पिढीचे लोक चहाच्या टपरीवर बसले की या दुकानांच्या आठवणी निघतात. "शेठ घरच्यासारखं ठेवायचे," असं कुणीतरी म्हणतंच. ठेवायचे, हे खरं. दिवाळीला कापड मिळायचं, पोरीच्या लग्नाला उचल मिळायची. पण घरच्यासारखं म्हणजे सुट्टीचा पगार नाही, कामाची वेळ ठरलेली नाही, आणि भांडायचं तर कुणाशी, हा प्रश्न. आमच्या आळीतला एक तागडीवाला छातीच्या आजाराने सहा-सात महिने अंथरुणाला खिळला. शेठने घरी बाजरीचं पोतं पाठवलं. सगळ्या पेठेने शेठचं नाव काढलं. तो बरा होऊन दुकानात गेला तेव्हा त्याच्या जागी दुसरा उभा होता आणि बाजरीचे पैसे वहीत त्याच्याच नावावर मांडलेले होते.

काढून टाकणं हा शब्द तेव्हा कुणी वापरत नसे. माणसाला 'घरी बसवलं' म्हणत. शेठ तोंडाने बोलायचेच नाहीत. दिवाळीचं वहीपूजन झालं, जुना हिशेब चुकता झाला, आणि "बघू पुढं" एवढं कानावर आलं की समजायचं. मग पेठेतला एखादा वजनदार माणूस मध्ये पडायचा, इकडे त्या गड्याची बायको शेठाणीसमोर जाऊन रडायची. कधी त्याला परत घेत, कधी नाही. सगळा न्याय असा ओट्यावर व्हायचा, आणि ओटा शेठचाच असायचा.

गंमत अशी की कायदा तेव्हाही होता, आणि तो चक्क दुकानात फ्रेम करून लावलेला होता. मुंबई दुकाने व संस्था अधिनियम, १९४८; लोकांच्या तोंडी गुमास्ता कायदा. त्याचा परवाना लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलेला असे, त्यालाही उदबत्ती ओवाळली जाई. त्या कायद्याच्या ६६व्या कलमात लिहिलं होतं की वर्षभर सलग नोकरी झालेल्या माणसाला कमी करायचं तर तीस दिवसांची लेखी नोटीस द्या, नाहीतर तेवढा पगार. तीन महिन्यांच्या वर आणि वर्षाच्या आत असेल तर चौदा दिवसांची. पेठेत अशी नोटीस मी कधी पाहिली नाही. त्या कायद्यातला आठवड्याच्या बंदचा दिवस तेवढा सगळ्यांना पाठ होता.

याच काळात आमच्याकडची अनेक माणसं मुंबईला मशीद बंदर, दाणा बंदर, भायखळ्याच्या भाजी बाजारात पाठीवर ओझी वाहायला गेली होती. गावात त्यांना फारसा मान नव्हता. तागडीवाला निदान स्वच्छ सदऱ्यात सावलीला उभा असे, हा हमाल. पण अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र केलं, लढे झाले, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यातली मेख साधी होती. मजुराची नोंद व्यापाऱ्याकडे नाही, कायद्याने नेमलेल्या माथाडी मंडळाकडे. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने मजुराला पगार द्यायचा, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा बघायची. एखाद्या व्यापाऱ्याची खप्पा मर्जी झाली म्हणून मजुराची नोंद पुसली जात नसे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हेच हमालांच्या मनात रुजवलं. माझा एक चुलत चुलता जत्रेला गावी यायचा तेव्हा निळसर हिशेबाचं पुस्तक दाखवायचा. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण किती साल नोकरी झाली ते कागदावर होतं. पेठेतल्या दिवाणजीचं मोडी-बाळबोध दोन्ही सुंदर, पण स्वतःच्या नोकरीचा त्याच्याकडे एक चिटोराही नव्हता.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात, डिंभ्याच्या वरच्या अंगाला, खडी फोडणाऱ्या मजुरालाही कागदावर का होईना, एक हक्क मिळाला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि मागूनही पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर रोज एक रुपया बेकारभत्ता, असं त्यात होतं. एक रुपया! पण बेकारी ही सरकारने भरून द्यायची गोष्ट आहे, हे मान्य तरी झालं. पेठेतला घरी बसलेला गडी यातही कुठे बसत नव्हता.

जुन्नरच्या लेण्यांत जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा एक शिलालेख आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं, असं त्यात कोरलंय. म्हणजे व्यापाऱ्यांची संघटना आमच्याकडे केवढी जुनी! त्यांची पोती कोण उचलायचं याबद्दल दगडावर काही नाही.

आता पुणे-नाशिक रस्त्याला मंचर, नारायणगाव, आळेफाट्याच्या बाजूने मार्ट झाली आहेत. ढकलगाडी, थंडगार हवा, एका रंगाचे टी-शर्ट. मी तिथे कौतुकानेच जातो, आणि जुनं तेवढं सोनं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण होतं ते इथेच. पेठेतल्या काउंटरवर शेठच्या घरच्या बाईखेरीज दुसरी बाई मी पाहिलेली आठवत नाही. इथे बी.कॉम. झालेल्या मुली बिलिंगला आहेत. पगार बँकेत जमा होतो, पीएफचा नंबर असतो. हे थोडं नाही.

पण घरी बसवण्याची पद्धत मात्र जास्त सफाईदार झाली आहे. आठवड्याच्या रोटामध्ये नाव येत नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून नंबर निघतो. विचारायला जावं तर मॅनेजर म्हणतो, "तू आमच्या रोलवर कुठे आहेस? एजन्सीला विचार." एजन्सी पुण्यात, फोन उचलत नाही. कुणाला अकरा महिन्यांनी ब्रेक, कुणाच्या माथी स्टॉक कमी भरल्याचा ठपका. आणि मालक तरी कोण म्हणायचा? फेब्रुवारी २०२२ मध्ये थकलेल्या भाड्यावरून रिलायन्सने बिग बझारची दुकानं ताब्यात घेतली, तिथल्या कर्मचाऱ्यांना नोकरी देऊ केली. म्हणजे माणूस त्याच काउंटरवर आणि वर पाटी दुसरी.

कायद्याची भाषा माणसाच्या बाजूने बोलते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करताना महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार ठरवला होता. १९६५ च्या दुरुस्तीनंतर एकट्या माणसाचं काढणंही औद्योगिक विवाद ठरू लागलं, युनियन पाठीशी नसली तरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या. कपात झालेल्यासाठी मालकाने आणखी पंधरा दिवसांचा पगार कौशल्य निधीत भरायचा, तो कामगाराच्या खात्यात जायचा, असं त्यात आहे. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विमा असलेल्यासाठी २०१८ पासून अटल विमित व्यक्ती कल्याण योजना आहे. पुढे तिच्यातल्या बेकारभत्त्याचा दर वाढून रोजच्या सरासरी पगाराच्या निम्मा झाला, तोही आयुष्यात एकदा आणि जास्तीत जास्त नव्वद दिवस. गैरवर्तनावरून काढलं असेल तर नाही. एका रुपयापासून निघालेली गोष्ट इथवर आली, हे मी मोठंच म्हणतो.

पण यातली कपातीची भरपाई राजीनामा दिलेल्याला नसते. आणि मार्टातून बाहेर पडणाऱ्या बहुतेकांच्या फायलीत राजीनामाच असतो. शेजारची एक मुलगी परवा तो छापील कागद घेऊन आमच्याकडे आली. 'वैयक्तिक कारणास्तव' हे शब्द आधीच टंकलेले, खाली फक्त सहीची जागा. मी म्हणालो, "सही करू नको, पुण्याला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज दे, पगाराच्या नोंदी आणि हे मेसेज जपून ठेव."

"काका, सही केल्याशिवाय मागच्या महिन्याचा पगार सोडत नाहीत ते. पुण्याला एक खेप म्हणजे दिवस मोडतो, वर भाडं. तारखा किती पडतील?"

मला उत्तर देता आलं नाही. तिने सही केली, पैसे जमा झाले. पुढच्या आठवड्यात त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या मार्टात ती मुलाखतीला गेली, तेव्हा तिथे पहिल्यांदा मागितलं ते आधीच्या ठिकाणचं रिलीव्हिंग लेटर.