आमचं इंजिन, त्यांची बोट

आम्ही दोघे भाऊ पांढरकवड्याला ट्रकची इंजिनं उघडतो आणि परत बांधतो. अब्बांनी केळापूरच्या वाटेवर गॅरेज टाकलं तेव्हा नागपूर-हैदराबाद रस्त्याला 7 नंबरचा हायवे म्हणत, आता 44 नंबर म्हणतात. गाड्या त्याच आहेत, कोळशाच्या, सिमेंटच्या, कापसाच्या गाठींच्या. आमच्या भागात पाणी म्हणजे सायखेड्याचं धरण, नाहीतर पुरातली पैनगंगा. समुद्र आम्ही 2018 च्या जूनपर्यंत पाहिलेला नव्हता. अशा माणसांनी बोटीला हात लावावा का, हे कुणीतरी विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारलं नाही.

झालं असं की आमच्यातला धाकटा चार वर्षं कुवेतला एका गॅरेजात होता. खोलीतला सोबती रत्नागिरीच्या राजिवड्याचा. तो गडी परत येऊन वडिलांची मासेमारीची बोट चालवू लागला. लाकडी बोट, 38 फूट लांब, आत लेलँडचं 370 इंजिन. हे नाव ऐकल्यावर आमच्या घरात जो आनंद झाला तो वाचकांना कसा सांगावा! 370 म्हणजे 370 घन इंच, जवळपास 6 लिटरचं जुनं इंजिन. अब्बांनी ज्यावर आम्हाला पाना धरायला शिकवलं तेच. ट्रकमधलंच इंजिन थोडा फेरफार करून बोटीत बसवतात हे आम्हाला तेव्हा कळलं. रेडिएटरच्या जागी उष्णता बदलणारी पेटी येते. तिच्यात नळ्यांच्या एका बाजूला इंजिनचं गोडं पाणी फिरतं, दुसऱ्या बाजूला समुद्राचं खारं. बाकी हेड, लायनर, नोझल सगळं ओळखीचं.

दोस्ताची तक्रार वेगाची होती. त्याच्या बोटीला 7 नॉटच्या वर पळता येईना. मिरकरवाड्याच्या लिलावात जी बोट आधी लागते तिच्या मासळीला भाव मिळतो, मागून येणाऱ्याने बर्फाचे पैसे मोजायचे. शेजाऱ्यांनी मोठी इंजिनं बसवली होती. फोनवर तो म्हणाला, "भाईजान, 10 नॉट करून द्या, बाकी काही नको."

आता एक गोष्ट कबूल करायची आहे, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या शेडमध्ये एका भंगारात निघालेल्या ट्रकचं टर्बोवालं सहा सिलिंडरचं इंजिन पडून होतं. आम्ही ते स्वस्तात उचललं होतं आणि वर्षभर गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. जुनं 370 नव्वदेक घोड्यांचं, हे 160 चं. दोस्ताचा फोन ठेवला आणि आम्ही दोघांनी एकाच वेळी शेडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. बोटीला काय हवंय याचा विचार त्यानंतर सुरू झाला.

पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचे दिवस, शिवाय पावसाळी समुद्र. बोटी वर ओढून ठेवतात आणि डागडुजी करतात. रमजान ईद झाली आणि आम्ही निघालो. इंजिन ट्रकने पुढे गेलं, आम्ही वर्ध्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने कोल्हापूर आणि तिथून एसटीने आंबा घाट उतरून रत्नागिरी. पावसाने डोळ्यांपुढे पडदा धरलेला. भाभींनी तांदळाच्या भाकरी आणि सुक्या बांगड्याचं कालवण वाढलं. विदर्भातल्या पोटाला ते जरा जड गेलं, पण असं प्रेमाने वाढलेलं आम्ही क्वचित खाल्लं असेल. इंजिनसाठी भाभींच्या बांगड्या गहाण पडल्या आहेत हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

बोटीचा तांडेल सत्तरीच्या पुढचा होता. सगळे त्यांना चाचा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी आमचं इंजिन पाहिलं, नीट पाहिलं, आणि आम्हाला हाताला धरून बोटीच्या मागच्या बाजूला नेलं. बोटीच्या तळाला आडवं जे मोठं लाकूड असतं त्याला तिकडे 'पठाण' म्हणतात. आमच्याकडे पठाण आडनावाची निम्मी गल्ली आहे, त्यामुळे आम्हाला हसू आलं. चाचा हसले नाहीत. पठाणावर मागे जो उभा खांब असतो आणि ज्याच्या लगेच मागे पंखा फिरतो, तो त्यांनी दाखवला. खांबाच्या कडा चौकोनी होत्या, त्यावर मागच्या दुरुस्तीचे जाड ठिगळ. ते त्यांच्या कोकणीत बोलले, अर्थ असा की पाणी इथे फाटतं आणि फाटलेलं पाणी पंख्याला मिळतं. आधी सुतार लावा, तळ गुळगुळीत करा, मग इंजिनचं बघू. सुताराचं काम काही हजारांचं होतं. आम्ही दोस्ताला म्हणालो, तेवढे पैसे गिअरबॉक्समध्ये घाल.

कारण आमचा हिशोब ट्रकचा होता. ट्रक पळवायचा असेल तर मागचा क्राऊन-पिनियन बदलतात, म्हणजे इंजिनच्या तेवढ्याच फेऱ्यांत चाक जास्त फिरतं. बोटीत जुना गिअरबॉक्स 3 ला 1 होता: इंजिन 1800 फिरलं की पंखा 600. आम्ही 2 ला 1 चा मिळवला. आता तेवढ्याच 1800 वर पंखा 900 फिरणार, दीडपट. पंखा तोच ठेवला. 7 ची दीडपट साडेदहा, म्हणजे दोस्ताचे 10 नॉट वर अर्धा नॉट बक्षीस. कागदावर किती छान दिसत होतं!

चुकलं ते असं. रस्ता चाकाला फक्त धरतो, पाणी पंख्याला अडवतं. पंख्याच्या फेऱ्या वाढवल्या की लागणारी ताकद फेऱ्यांच्या तिप्पट घाताने वाढते. फेऱ्या दीडपट करायच्या तर ताकद तीनपटीहून जास्त हवी. नव्वदचे तीनशे घोडे. आमच्याकडे 160. दुसरं त्याहून मोठं. अशी जड पोटाची बोट पाणी बाजूला सारत चालते, आणि चालताना स्वतःच एक लाट उभी करते. वेग वाढतो तशी लाट लांब होते; शेवटी लाटेची लांबी बोटीएवढी झाली की बोट पुढच्या लाटेवर नाक वर करून आणि मागच्या खळग्यात शेपूट घालून बसते. तिथून पुढे जाणं म्हणजे स्वतःच्याच लाटेचा चढ चढणं. हा हिशोब विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1870 च्या दशकात टॉर्की गावात पाण्याचा हौद बांधून, त्यात छोटी जहाजं ओढून मांडला. पाण्याला टेकलेली लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, त्याला 1.34 ने गुणा. आमच्या बोटीची ती लांबी 35 फूट. उत्तर जेमतेम 8 नॉट. मुंबईला गेटवेपाशी ज्या स्पीडबोटी भरधाव जातात त्यांचा तळ सपाट आणि वजन हलकं. त्या पाण्यावर चढून घसरतात. मासे, बर्फ, जाळी भरलेल्या लाकडी बोटीला तसं चढवायचं तर इंजिनच्या वजनाने ती आधी बुडेल.

हे आम्ही नंतर वाचलं. वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, तिने थोडा धीर आला. इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्सने 1894 साली टर्बाइनवर चालणारं 'टर्बिनिया' पाण्यात सोडलं तेव्हा तेही हवं तसं पळेना. टर्बाइनमध्ये ताकद होती, पण पंखा इतका जोरात फिरे की पाण्यात पोकळी पडून तो नुसताच घुसळे. त्याने एका दांड्याचे तीन दांडे केले, प्रत्येकावर तीन पंखे, आणि 1897 च्या आरमारी सोहळ्यात साऱ्या युद्धनौकांच्या समोर ते 34 नॉटने पळवलं. इतक्या मोठ्या माणसालाही आधी पंख्यानेच अडवलं होतं. फरक एवढाच, की त्याने प्रयोग स्वतःच्या बोटीवर केला.

1 ऑगस्टला बोट निघाली. इंजिन 1300 च्या वर जाईना. काळा धूर, मागची बाजू पाण्यात दबलेली, जीपीएसवर 7.4. आधी 7.1 होता. डिझेल तासाला 15-16 लिटर लागायचं ते 24 वर गेलं. आम्ही म्हणालो, नोझल सेट करू, पंपाची वेळ बदलू. ट्रकचं दुखणं असल्यासारखे आम्ही दहा दिवस इंजिनलाच औषध देत राहिलो. चाचा काही बोलले नाहीत. शुक्रवारी त्यांची बोट जात नाही; त्या दिवशी जुम्याच्या नमाजनंतर ते एकटेच किनाऱ्यावर येऊन बोटीच्या मागे उभे राहिले आणि परत गेले.

अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी आम्हीही बोटीवर होतो. संध्याकाळी परतताना पूर्ण ओहोटी. भाट्याच्या खाडीच्या तोंडाशी, मांडवीपुढे वाळू साचते, आणि राजिवड्याच्या बोटींना त्या वाळूवरूनच आत यावं लागतं. तिथे तांडेल मागच्या लाटेची वाट बघतो, लाट आली की तिच्या पाठीवर जोर देऊन आत शिरतो. चाचांनी खूण केली, दोस्ताने पूर्ण थ्रॉटल दिला. 370 अशा वेळी लगेच उचलायचं. आमच्या इंजिनने घरघर केली, धूर ओकला आणि लाट आमच्या खालून निघून गेली. बोट मागून आधीच खोल बसलेली. पठाण वाळूला टेकलं. पुढची लाट आडवी आली. बोट इतकी कलंडली की आमच्या पायाखाली लाकडाऐवजी पाणी दिसलं. एक खलाशी विंचवर आपटला. विशीतला पोरगा, त्याचं कोपराखाली हाड मोडल्याचा आवाज आम्ही इंजिनच्या आवाजातही ऐकला. धाकटा मोठ्याने कलमा म्हणत होता. तिसऱ्या लाटेने आम्हाला उचलून आत टाकलं. त्यात ना इंजिनचा हात होता ना आमचा. अल्लाहची मेहेरबानी.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर भाभी आल्या तेव्हा त्यांचे हात मोकळे होते. तेव्हा कळलं.

रात्रभर आम्ही दोघे भांडलो. थोरला म्हणत होता, इंजिन आपलं नसतं तर आपण हेच सांगितलं असतं का? धाकटा म्हणत होता, आपल्याला खरंच वाटलं होतं की पळेल. दोन्ही खरं होतं, म्हणून भांडण मिटेना. फजरनंतर आम्ही चाचांकडे गेलो आणि सगळं सांगितलं, शेडचा कोपरा, भंगारातला भाव, सगळं. त्यांनी चहा दिला. म्हणाले, सुतार बोलवा.

बकरी ईदच्या आसपास बोट भरतीबरोबर वाळूवर घेतली. दोन भरत्यांच्या मध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात काम करायचं, पाणी आलं की थांबायचं. सुताराने खांबाच्या कडा तासून गोल केल्या, ठिगळं काढून तळ सारखा केला. आम्ही 2 ला 1 काढून जुना 3 ला 1 परत बसवला. जुन्या गिअरबॉक्सला 160 घोड्यांचा ताण सोसणार नाही म्हणून गव्हर्नर 1900 वर बांधला आणि सील केला. म्हणजे विकत घेतलेले बरेच घोडे तबेल्यातच बांधून ठेवले. ईदच्या तिसऱ्या दिवशी बोट काढली: 7.6 नॉट, धूर नाही, डिझेल 17-18 लिटर. वाळूवर जोर दिला की इंजिन उचलत होतं. चाचांनी एकदा मुद्दाम लाटेची वाट न बघता आत घेऊन दाखवलं. आमचा जीव गेला, पण त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा पहिल्यांदा हसले होते.

इंजिनवर घेतलेला नफा आम्ही परत केला. दोस्त घेईना, म्हणून भाभींच्या हाती दिला. बांगड्या सुटायला तेवढे पुरले नाहीत, उरलेले पुढच्या वर्षी पाठवले. पोराच्या हाताचा खर्च आम्ही केला. हात जुळला, पण तो आता जाळं ओढत नाही, बर्फाच्या गाडीवर आहे. हे परतफेडीच्या वहीत कुठे लिहायचं ते आम्हाला अजून सुचलेलं नाही.

जुनं 370 आम्ही परतीच्या ट्रकने पांढरकवड्याला आणलं. अब्बांनी ते पाहिल्यावर खुर्ची ओढून समोर बसले आणि दिवसभर तिथेच बसून राहिले. आम्ही ते उघडलं, लायनर बदलले, दोनदा धुतलं, रंग दिला. आता ते शेडच्या त्याच कोपऱ्यात असतं आणि वीज गेली की त्यावर जनरेटर चालतो. पाऊस सुरू झाला की ब्लॉकच्या खालच्या अंगाला, रंगाच्या वरून, पांढरं मीठ फुटून येतं. आम्ही पुसतो, आठवड्याने पुन्हा येतं.