माझ्या नावाचा वेळ

माझा म्हणावा असा वेळ मला मिळवून दिला तो न्यू जर्सीतल्या एका कम्युनिटी कॉलेजात इंग्रजी लेखन शिकवणाऱ्या बाईंनी. तिथली मुलं शिक्षकांना सरळ नावाने हाक मारत. माझ्या तोंडून ते कधी निघालं नाही. मिरजेच्या शाळेत म्हणायचे तसं मी त्यांना मनात बाईच म्हणत आले, म्हणून इथेही तेच लिहिते.

ही 2008 सालची गोष्ट. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही एडिसनला राहत होतो. मी एच-4 व्हिसावर होते. त्या व्हिसावर नोकरी करायला तेव्हा बंदी होती. पुढे 2015 मध्ये काहीजणींना ती परवानगी मिळाली. शिकायला मात्र आडकाठी नव्हती. मुलगा लहान होता, हाताशी बी.कॉम.ची पदवी होती आणि पुढे काहीतरी शिकायचं तर पहिल्या वर्षाचा लेखनाचा अभ्यासक्रम करावाच लागत होता. त्यात गोडी होती म्हणून मी गेले नाही. तो संपवून पुढे जायचं, एवढंच डोक्यात होतं.

लिहिण्याबद्दलची माझी समजूत परीक्षेच्या पेपरावर घडलेली होती. तीन तास, पुरवण्या, दोरा, घंटा. घरी निबंध लिहायचा तर आधी रफ वहीत आणि मग त्यावरून फेअर. फेअर म्हणजे अक्षर सुवाच्य, खाडाखोड नाही; विचार तोच. तपासलेली वही परत आली की गुण पाहायचे आणि वही दप्तरात. आपण लिहिलेल्याकडे पुन्हा जायचं असतं, त्यात आपल्यालाच न दिसलेलं काही सापडतं, हे मला पस्तिशीजवळ येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

आणि या अभ्यासक्रमाचे निम्म्याहून जास्त गुण नेमके त्यावरच होते. सत्राच्या शेवटी पोर्टफोलिओ द्यायचा: पंधरा आठवड्यांत लिहिलेल्या निबंधांपैकी तीन निवडायचे, ते पुन्हा लिहायचे, जुने खर्डे तारखांसह मागे लावायचे आणि काय बदललं, का बदललं हे सांगणारं एक पत्र वर जोडायचं. लेखनाच्या पात्रता परीक्षेऐवजी पोर्टफोलिओ वाचावा, हा प्रयोग पीटर एल्बो आणि पॅट बेलानॉफ यांनी 1980 च्या दशकात लाँग आयलंडवरच्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात केला होता आणि पुढे ही पद्धत ठिकठिकाणी पसरली. हे मी नंतर वाचलं. तेव्हा मला एवढंच कळलं, की तीन निबंध द्यायचे आहेत आणि तिन्ही लिहून झालेले आहेत. शेवटच्या शनिवार-रविवारी स्पेलिंग बघू, असं मी धरून चालले होते.

ऑक्टोबरच्या मध्याला बाईंनी सगळ्यांना आपापलं कॅलेंडर आणायला सांगितलं. कोणी फोन काढला, कोणी डायरी. मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय नेलं. बाईंनी ते कुतूहलाने उलगडलं, तिथी-वारांबद्दल विचारलं. मग चौकटींत मी काय काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. मुलाची लस, नवऱ्याचा टेक्सासचा दौरा, गाडीचं सर्व्हिसिंग, सासूबाईंचं विमान, चतुर्थी. सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "यातलं तुझं कुठलं?"

त्या टोचून बोलल्या नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मला उत्तर देता आलं नाही. घरात कोणी मला अडवत नव्हतं, कोणी जाच करत नव्हतं. पण सगळ्यांचं सगळं उरकल्यावर जे उरेल तो माझा वेळ, हे मी इतकं गृहीत धरलं होतं की त्याला चौकट लागते हेच मनात आलं नव्हतं. आणि पुनर्लेखनाला उरलेला वेळ कधी पुरत नाही. हे बाईंनी भाषण देऊन सांगितलं नाही. माझ्या शेजारी बसून त्यांनी डिसेंबरच्या तारखेपासून मागे मोजायला सुरुवात केली.

शेवटचे दोन दिवस फक्त छपाई आणि मुद्रितं वाचायला. त्याच्या आधी पत्र. त्याच्या आधी वाक्यं. त्याच्याही आधी, आणि सगळ्यात जास्त दिवस देऊन, निबंधाचं म्हणणं आणि त्याची मांडणी. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंगचा. तो आठवडा आपल्या हिशेबात धरायचाच नाही. कॉलेजच्या लेखन केंद्रात शेवटच्या पंधरवड्यात वेळ मिळत नाही, तिथली नोंदणी आजच करायची. मसुदा ज्या वर्गमैत्रिणीला वाचायला द्यायचा तिलाही निदान चार दिवस हवेत. दोन खर्ड्यांच्या मध्ये एक-दोन दिवस मोकळे सोडायचे, त्या दिवसांत कागदाला हात लावायचा नाही. दिवाळीचा फराळ मी असाच मागे मोजत करत आले होते: चकली कधी तळायची ते ठरलं की भाजणी कधी दळून आणायची ते ठरतं. लिहिण्यालाही तसंच मोजता येतं हे मला कोणी दाखवलं नव्हतं.

घरी आल्यावर ते कालनिर्णय मी पुन्हा खिळ्याला लावलं. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून चौकटी वाचल्या. मंगळवार आणि गुरुवारच्या दुपारी माझं नाव लिहिलेलं होतं. "हे काय गं?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग तू बस. मी नेते त्याला बागेत." थंडी वाढल्यावरही त्यांनी त्या दुपारी सोडल्या नाहीत, स्वेटर, कानटोपी चढवून नातवाला घेऊन जात. या पोर्टफोलिओत त्यांचंही देणं आहे, ते मी कधी त्यांच्यापाशी नीट बोलले नाही.

माझा एक निबंध मिरजेच्या तंतुवाद्यं बनवणाऱ्या कारागिरांवर होता. माहेरच्या वाटेवरची ती गल्ली, ते भोपळे मी लहानपणापासून बघत आलेले. पहिल्या खर्ड्यात मी गावाचा इतिहास, अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य, संगीताची थोरवी असं सगळं ओळीने मांडलं होतं. बाईंनी समासात लिहिलं होतं: ज्याने तंबोरा कधी पाहिला नाही त्याला आधी काय दिसायला हवं? मी त्या प्रश्नाशी दोन-तीन दुपारी नुसती बसून राहिले. मग प्रत्येक परिच्छेद काय सांगतो ते एकेका ओळीत कागदावर उतरवलं, कारण असं करायला त्यांनी शिकवलं होतं. तेव्हा दिसलं, की भोपळा पाचव्या परिच्छेदात येतोय. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारा, वाळवलेला, मग पाण्यात भिजवून मऊ करून कापला जाणारा भोपळा. तो वर आणला. खाँसाहेब खाली गेले. थोरवीची वाक्यं गळून पडली आणि त्यांची आठवणही झाली नाही. निम्मा निबंध नव्याने लिहावा लागला. हे शेवटच्या शनिवार-रविवारी झालं नसतं. मला तो प्रश्न कळायलाच तेवढे दिवस लागले.

नॅन्सी सॉमर्स यांचा 1980 सालचा एक अभ्यास बाईंनी वर्गात समजावून सांगितला होता. सॉमर्स यांनी वीस नवे विद्यार्थी आणि वीस अनुभवी लेखक कसे पुनर्लेखन करतात ते पाहिलं. विद्यार्थी प्रामुख्याने शब्द बदलत बसले. अनुभवी लेखक आपल्या म्हणण्याचा आकार शोधत होते आणि वाचकाचा विचार करत होते. वर्गातली बरीच मुलं ते ऐकताना खिडकीबाहेर बघत होती. मला मात्र कोणीतरी माझी वही उघडून दाखवल्यासारखं झालं.

व्याकरणाचा धाक मला सगळ्यात जास्त होता. इंग्रजीतली ए, अॅन, द ही उपपदं मराठीत नाहीत. ती कुठे घालायची, कुठे नाही, यात मी कायम चाचपडत असे. बाईंनी त्यासाठी एक वेगळी दुपार लावून दिली: त्या दिवशी दुसरं काही वाचायचं नाही, फक्त नामं आणि त्यांच्या आधीची जागा. त्यांनीच मिना शॉनेसी यांचं नाव सांगितलं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात 1970 पासून सर्वांना प्रवेश खुला झाला, तेव्हा आलेल्या विद्यार्थ्यांच्या चुका शॉनेसींनी वर्षानुवर्षं वाचल्या आणि त्या चुकांमागेही तर्क असतो, हे 1977 च्या आपल्या पुस्तकात दाखवलं. माझ्या चुका अडाणीपणाच्या नाहीत, त्या माझ्या भाषेतून येतात, हे कळल्यावर माझी भीती ओसरली. ते काम मग कंटाळवाणं राहिलं, पण लाजिरवाणं राहिलं नाही.

पत्र लिहायला बसले तेव्हा खर्ड्यांच्या तारखा मदतीला आल्या. काय बदललं ते शोधावं लागलं नाही, समोर होतं.

त्या सत्रानंतर कधीतरी मला समजलं, की बाई तिथे कायम नोकरीत नव्हत्या. त्या अभ्यासक्रमागणिक मानधनावर दोन कॉलेजांत शिकवत होत्या आणि मधल्या वेळात गाडीत बसून आमचे खर्डे वाचत. अमेरिकेत लेखनाचे पहिल्या वर्षाचे कितीतरी वर्ग असेच शिक्षक चालवतात. समासातल्या त्या प्रश्नांचे, माझ्या कालनिर्णयावर घालवलेल्या त्या दुपारचे त्यांना वेगळे पैसे मिळत नव्हते. माझ्यासाठी जो वेळ त्यांनी राखून दिला तो आधी त्यांनी स्वतःच्या वेळातून काढला होता. हे तेव्हा कळलं असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. निदान एकदा विचारलं असतं, की तुमच्या कॅलेंडरात तुमचं काय आहे.

पुढे मी आणखी शिकले आणि आता एका कॉलेजच्या लेखन केंद्रात काम करते. वडिलांकडून ऐकलेली एक गोष्ट इथे काम करताना नीट उमगली. 'सत्यकथे'चे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांकडून कथा पुन्हा पुन्हा लिहून घेत, हे वडील कौतुकाने सांगत. मला ते लहानपणी जाचक वाटायचं. कोणाच्या तरी कच्च्या मजकुरावर इतका वेळ बसायचं म्हणजे त्या माणसावर केवढा विश्वास टाकायचा, हे बाईंमुळे कळलं.

मिरजेच्या निबंधाच्या शेवटी बाईंनी आणखी एक प्रश्न लिहिला होता: या घरांतल्या मुली काय करतात? त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून त्या पोर्टफोलिओत ते आलं नाही. तो निबंध मी आता मराठीत पुन्हा लिहायला घेतला आहे. जानेवारीत माहेरी जायचं ठरलं आहे. त्यातले दोन दिवस मी त्या गल्लीसाठी लिहून ठेवले आहेत.