काकांचा लॅपटॉप आणि पहिली वेलांटी

मंडळी, विंडोज ९८ ही काही फार पुरातन गोष्ट नव्हे. आपल्यापैकी कितीतरी जणांनी संगणकाला पहिला हात लावला तो तिच्याच कृपेने. मायक्रोसॉफ्टने तिचा आधार ११ जुलै २००६ रोजी काढून घेतला. माणसाच्या हिशेबात एवढ्या काळात मूल जन्मून कॉलेजात जाते, इतकेच. संगणकांच्या हिशेबात मात्र ती शिलालेखांच्या पंगतीला जाऊन बसली आहे.

अशा एका विंडोज ९८ वाल्या लॅपटॉपच्या मागे गेल्या पावसाळ्यात माझे तीन आठवडे गेले. हौस म्हणून नव्हे. लॅपटॉप माझ्या काकांचा. काका फोंड्याकडच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. निवृत्त झाल्यावर १९९९ ते २००४ अशी पाच वर्षे ते सत्तरी, सांगे, काणकोण या भागांत फिरले आणि जात्यावरच्या ओव्या, धालोची गीते, पाळणे, सापडेल ते उतरवून घेत राहिले. दिवसा वहीत, रात्री लॅपटॉपवर. गाणी सांगणाऱ्या बायका तेव्हाच सत्तरीच्या पुढच्या (तालुक्याने नव्हे, वयाने!). टेप करायची काकांची तयारी होती, पण टेपरेकॉर्डर पुढ्यात ठेवला की बायकांचे आवाज बसत. तेव्हा कागद आणि पेन. काका २०११ साली गेले. त्यानंतर माडीवरची कौले परतायची राहून गेली, ओल आली, ओलीमागून वाळवी आली, आणि वह्यांचे पुठ्ठे तेवढे शिल्लक राहिले. आता घराची डागडुजी निघाली तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, हा लॅपटॉप भंगारवाल्याला देतो. काकू म्हणाली, एकदा बघ तरी रे.

तर हा असा बघितला.

आपल्याकडच्या हवेत जुने यंत्र जपून ठेवणे म्हणजे पापड झाकणाशिवाय ठेवण्यासारखे. पत्र्याच्या पेटीत, डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने असूनही लॅपटॉपच्या खालचे रबर विरघळून चिकट झालेले, पडद्याच्या कडेला बुरशीची नक्षी, बिजागरी कडक. लोक सांगतात, तांदळाच्या डब्यात ठेवा. ठेवू नका. तांदळाचे पीठ आत जाते आणि ओल तिथेच राहते. औषधांच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या भरपूर जमवून बंद डब्यात आठवडाभर ठेवला. अडॅप्टर मेलेला होता. म्हापशाच्या एका दुरुस्तीवाल्याने शोधून दुसरा दिला. इथे एक सांगून ठेवतो: व्होल्ट नेमके तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी असून चालत नाहीत, आणि पिनेचे धन-ऋण उलटे निघाले तर सगळे आटोपलेच. मूळची बॅटरी फुगली होती, ती काढून बाजूला ठेवली. तिच्याविना यंत्र चालते.

पण हे सगळे नंतरचे. आधी हार्ड डिस्क बाहेर काढली. वीस-पंचवीस वर्षे न फिरलेली डिस्क पहिल्यांदा फिरते तेव्हा ती शेवटचीही फेरी असू शकते, म्हणून त्या फेरीत विंडोज उघडून बसायचे नसते, मजकूर उतरवून घ्यायचा असतो. ४४ पिनांची जुनी आयडीई डिस्क यूएसबीला जोडणारे अडॅप्टर स्वस्तात मिळते. माझ्या लिनक्सच्या संगणकाला ती जोडली आणि सबंध डिस्कची जशीच्या तशी प्रत काढून घेतली. ६ जीबीची डिस्क! आज तेवढ्यात एखादे लग्नाचे चित्रीकरण मावायचे नाही. चार-पाच ठिकाणी ती अडखळली, घसा खाकरल्यासारखा आवाज केला, पण प्रत पुरी झाली.

काकांचे फोल्डर सापडले. आत एक्केचाळीस फायली. सगळ्या मिळून २ एमबीसुद्धा नाहीत, म्हणजे मोबाईलवर काढलेल्या एका फोटोहून कमी. पाच वर्षांची पायपीट! मोठ्या आनंदाने पहिली फाईल उघडली आणि समोर काय आले? कंस, उद्गारचिन्हे, टोपी घातलेले फ्रेंच ए, पौंडाची खूण, मधेच एखादा आकडा. एकही अक्षर मराठीचे नाही. मजकूर शाबूत, आणि वाचता येत नाही!

याचे कारण ज्यांनी त्या काळी डीटीपी केले आहे त्यांना ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. भारतीय लिप्यांसाठी इस्कीचे मानक १९९१ सालचे, आणि युनिकोडच्या त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. पण विंडोज ९८ च्या काळात आपल्या छापखान्यांत आणि घरांत ती पोचलीच नव्हती. चालत असे ती युक्ती. इंग्रजी अक्षरांसाठी संगणकात ज्या जागा राखलेल्या, त्या जागांवर देवनागरीचे तुकडे नेऊन बसवायचे. संगणक समजे की आपण इंग्रजीच काहीतरी लिहितो आहोत. पडद्यावर मात्र फाँटच्या कृपेने मराठी दिसे. आणि कुठल्या जागेवर कुठला तुकडा, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवलेले. फाँट गेला की अर्थ गेला.

आपल्या गोव्याला मात्र ही युक्ती नवी नाही बरे का. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले ते रोमी अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ साली ते पुन्हा छापले. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे असल्याचे माहीत नाही. ग्रंथ टिकला तो हातांनी उतरवून घेतलेल्या नकलांमुळे, आणि त्यांच्या आधाराने १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापला गेला. म्हणजे मराठीला परक्या अक्षरांच्या घरात बिऱ्हाड करावे लागले ते काही विसाव्या शतकाच्या शेवटी पहिल्यांदा नव्हे. फरक एवढाच की स्टीफन्सचे रोमी अक्षर वाचणाऱ्याला 'म' चा आवाज 'म' असाच मिळत होता. काकांच्या फायलीत 'म' च्या जागी काय आहे हे त्या एका फाँटखेरीज कुणालाच ठाऊक नाही.

बरे, फाँट उचलून नव्या संगणकावर टाकले तर? टाकले. साध्या वर्डमध्ये केलेल्या पाच-सहा फायली त्यामुळे उमटल्यासुद्धा. पण मुख्य काम काकांनी मराठी सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या संपादकात केले होते, आणि त्याच्या फायली दुसरे कुणी उघडत नाही. ते सॉफ्टवेअर फक्त विंडोज ९८ वर चालणारे, आणि त्याला कुलूप! तरुण वाचकांना खरे वाटणार नाही, पण त्या काळी अशा सॉफ्टवेअरांना प्रिंटरच्या मोठ्या पोर्टात खुपसायचा एक डबीसारखा ठोकळा असे. तो लावलेला नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नसे. तसले पोर्ट आजच्या लॅपटॉपला नसतेच. म्हणजे काकांची गाणी वाचायची तर तेच यंत्र, तीच प्रणाली आणि तोच ठोकळा.

ठोकळा काकूनेच काढून दिला. काजूच्या रिकाम्या डब्यात, सुतळीचे गुंडाळे, जुन्या किल्ल्या आणि रेडिओच्या सेलांसोबत. "हा त्यांनी टाकू नको म्हणून सांगितला होता," एवढेच ती म्हणाली. कशाचा आहे ते तिला माहीत नव्हते.

अनेकांनी मला सल्ला दिला की असल्या यंत्रावर हलकेसे लिनक्स घाल. एरवी सल्ला उत्तम आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चाही आधार संपला, तेव्हा घराघरांतल्या धडधाकट लॅपटॉपांना हाच मार्ग बरा. मात्र अगदी जुन्या ३२ बिटांच्या यंत्रांना तिथेही थारा कमी होत चालला आहे, डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलरच बंद केला. पण इथे लिनक्स घालणे म्हणजे पोथी उघडण्यासाठी पोथी पुसणे. मूळ डिस्क मी कापडात गुंडाळून ठेवून दिली. तिच्या जागी जुन्या कॅमेऱ्यातले ८ जीबीचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड एका छोट्या अडॅप्टरने बसवले (हे कार्ड विजेच्या दृष्टीने आयडीई डिस्कच असते, लॅपटॉपला पत्ताच लागत नाही) आणि त्यावर काढलेली प्रत चढवली. पेनड्राइव्ह विंडोज ९८ आपणहून ओळखत नाही, त्याचा ड्रायव्हरही त्याच कार्डावर आधीच टाकून ठेवला. इंटरनेटला मात्र जोडला नाही. आजच्या बहुतेक संकेतस्थळांची सुरक्षित भाषा त्या ब्राउझरला येतही नाही, आणि तेच बरे आहे.

बटण दाबले. घड्याळाचा सेल केव्हाच संपलेला, त्यामुळे यंत्राच्या मते ती १ जानेवारी १९८० ची पहाट होती. तारीख दुरुस्त केली. ढगांचे ते चित्र आले, मग ती सुरावट, आणि पडद्यावर काकांनी लावलेला मंगेशीच्या दीपस्तंभाचा फोटो. ठोकळा लावला. सॉफ्टवेअर उघडले. आणि मराठी दिसली.

इथून पुढचे काम यंत्राचे कमी, मराठीचे जास्त. जुन्या संपादकातून आरटीएफ काढायची आणि मग तो मजकूर युनिकोडमध्ये बदलायचा. परिवर्तक महाजालावर फुकट मिळतात, पण त्यांच्यावर विसंबू नये. जुन्या फाँटात अक्षरे दिसतील तशी साठवलेली. 'कि' लिहिताना पहिली वेलांटी आधी, 'क' मागून. युनिकोडला हवा 'क' आधी. 'धर्म' मधला रफार जुन्या पद्धतीत 'म' च्या नंतर, युनिकोडमध्ये आधी. म्हणजे एक साठवते डोळ्याला दिसते ते, दुसरे जिभेवर येते ते. आणि हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या परिवर्तकांना आपला 'ऱ्य' ठाऊकच नाही! सत्तरीतल्या एका ओवीत मला 'दर्या' सापडला. डोंगराळ सत्तरीत समुद्र कुठून येणार? माझ्या आधी काकूनेच तो पकडला. "न्हय रे, दर्या न्हय, दऱ्या!" मग पडताळून पाहिले, जुन्या पडद्यावर स्पष्ट 'दऱ्या'. तेव्हापासून लॅपटॉप तिच्या टेबलावरच आहे. नवीन छापील पाने एका हाताला, जुना पडदा दुसऱ्या हाताला. रोज दुपारी दोन पाने तपासून होतात. बावीस फायली झाल्या, एकोणीस राहिल्या आहेत. प्रत्येक गाण्याखाली बाईचे नाव, गाव आणि वय आहे. काका शिक्षक होते, हजेरी चुकत नाही.

एका धालोच्या गीताखाली त्यांनी कंसात लिहिले आहे, 'चाल पुन्हा विचारणे'. पुढे काही नाही. काकूने ते वाचले आणि हळूच गुणगुणायला लागली. दोन-तीन कडवी झाल्यावर थांबली. म्हणाली, ही आमच्या माहेरची चाल. त्या बाईची कशी होती कोण जाणे.