जे. जे. ते क्रॉफर्ड मार्केट : माणसे रेखाटण्याची वाट

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमधून बाहेर पडून दादाभाई नौरोजी मार्गाने उत्तरेकडे निघाले की काही मिनिटांतच डाव्या हाताला सर जे. जे. कला महाविद्यालयाचे आवार लागते आणि पुढे चौकाशी क्रॉफर्ड मार्केटचा घड्याळाचा मनोरा दिसू लागतो. अंतर थोडे असले, तरी माणसाचे चित्र काढायला शिकणाऱ्यासाठी मुंबईत याहून योग्य वाट क्वचितच सापडेल. कारण माणूस कसा पाहावा, या प्रश्नाची दीडशे वर्षांची उत्तरे येथे दगडात आणि कागदावर शिल्लक आहेत.

शहरी रेखाटन, म्हणजेच अर्बन स्केचिंग, याचा अर्थ छायाचित्रावरून नव्हे, तर प्रत्यक्ष जागी बसून, डोळ्यांसमोर चाललेले शहर वहीत उतरवणे. सिॲटल येथील पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कँपानारिओ यांनी 2007 मध्ये इंटरनेटवर सुरू केलेल्या एका गटातून ही चळवळ जगभर पसरली आणि मुंबईतही तिचे मेळावे भरू लागले. अशा मेळाव्यात नवखा माणूस बहुधा इमारतीपासून सुरुवात करतो, कारण इमारत हलत नाही. मंडईत मात्र ही पळवाट फार वेळ चालत नाही. हमालांवाचून आणि फळविक्रेत्यांवाचून काढलेली मंडई ही मंडई वाटतच नाही.

मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या नावाने 1869 मध्ये पूर्ण झालेल्या आणि आज महात्मा जोतिबा फुले यांचे नाव असलेल्या या मंडईचा आराखडा विल्यम इमर्सन यांचा. तिला कुर्ल्याचा पिवळसर व वसईचा तांबूस दगड वापरलेला आहे. आत शिरण्यापूर्वी प्रवेशद्वारावरील उठावशिल्पे पाहावीत. शेतकऱ्यांची आणि बाजारकरूंची ही चित्रे जॉन लॉकवुड किपलिंग यांची. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1857 मध्ये सुरू झालेल्या कलाशाळेत ते 1865 मध्ये अध्यापक म्हणून आले होते. मंडईच्या दारावर कष्टकऱ्यांना जागा मिळावी, ही निवड आजही मोलाची वाटते.

आत पहिली अडचण येते ती प्रमाणाची. प्रौढ माणसाची उंची साधारण साडेसात मस्तकांइतकी, म्हणजे त्याच्याच डोक्याच्या साडेसात पट असते. तरीही चेहऱ्याकडे लक्ष ओढले जात असल्याने नवखा हात डोके हमखास मोठे काढतो. दुसरी अडचण गर्दीची, आणि तिचा उलगडा क्षितिजरेषेत, म्हणजे पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीत आहे : सपाट जमिनीवर उभे राहून रेखाटताना आपल्याएवढ्या उंचीची जवळची व दूरची सारी डोकी जवळपास एकाच रेषेत येतात, फक्त पावले वरखाली होतात, बसून रेखाटू लागताच ती रेषा जवळदूरच्या सर्वांच्या छाती-पोटाशी उतरते.

याहून अवघड असते तोल पकडणे. एका पायावर भार देऊन उभ्या असलेल्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला, तर तो भार पेलणाऱ्या पावलाजवळ पडतो. डोक्यावर भरलेली पाटी घेतलेल्या हमालाची मान ताठ, पाठ सरळ आणि पावले आखूड असतात. हे दिसले की नाकडोळे न काढताही हमाल ओळखू येतो. तो दोन क्षणांत निघून जातो हे खरे, परंतु श्रमाच्या हालचाली पुनःपुन्हा घडतात. एकाचे खांदे रेखाटून झाले की त्याच ओझ्याखाली येणाऱ्या दुसऱ्याचे पाय पाहता येतात. चित्रशाळेतील स्थिर बसलेल्या नमुन्यापेक्षा मंडई हा चांगला गुरू ठरतो, तो याच कारणाने.

ही नजर मराठी वाचकाला अपरिचित नाही. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर याच कलाशाळेत शिकले, तेथेच शिक्षक झाले आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनात त्यांनी तो काळ नोंदवला. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरील 1912 च्या पुस्तकासाठी त्यांनी या शहरातील माणसे चितारली. लुगड्याचा घोळ, पागोट्याचा बांध, चालण्याची ढब यांवर त्यांचे असामान्य प्रभुत्व होते. तथापि त्या काळची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ऑटो रोथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथात धुरंधरांच्या स्त्रिया येतात त्या जात, प्रांत किंवा व्यवसाय यांच्या प्रतिनिधी म्हणून. वसाहतीच्या काळातील ग्रंथांना व्यक्तीपेक्षा नमुना हवा होता. धुरंधरांचा हात मात्र त्या चौकटीपेक्षा पुष्कळ उदार होता.

मेळावा संपताना सर्वांच्या वह्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या जातात, आणि एकच विक्रेता निरनिराळ्या वह्यांत निरनिराळ्या कोनांतून दिसतो. रेखाटनाच्या कोपऱ्यात स्थळ आणि तारीख लिहिण्याची रीत आहे. या मंडईत वही घेऊन जाणाऱ्याने त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट करावी : ज्याचे चित्र काढले त्याला ते दाखवावे, त्याचे नाव विचारावे आणि त्याची हरकत नसेल तर तेही खाली लिहावे.