शोकेसमधली डॅफ्नी

आहेर म्हणजे स्टीलचा डबा, फार तर लेमन सेट, हा काळ केव्हाच मागे पडला. आता नवदांपत्याला द्यायच्या वस्तूंमध्ये ग्रीक देवदेवतांच्या पांढऱ्याशुभ्र मूर्तींनीही जागा पटकावली आहे. गिफ्ट शॉपमध्ये, प्रदर्शनांत, होम डेकोरच्या दुकानांत त्या ओळीने मांडलेल्या दिसतात. कुणाच्या पायांना पंख, कुणाच्या हातात त्रिशूळ, तर कुणाला हातच नाहीत. त्यांत एक जोडी हटकून लक्ष वेधून घेते. पुढे तरुणी, तिचे केस वाऱ्यावर उडालेले, दोन्ही हात आभाळाकडे. मागून आलेल्या देखण्या तरुणाचा हात तिच्या कमरेला भिडलेला. दुकानदार सांगतो, "रोमँटिक कपल आहे, मॅडम. लग्नात द्यायला एकदम बेस्ट." रंगीत कागदात गुंडाळलेली ही जोडी मग कुणाच्या तरी नव्या संसारात जाऊन बसते.

आता त्या तरुणीच्या बोटांकडे जरा नीट बघा. मूर्ती बरी घडवलेली असेल तर बोटांच्या टोकांना पाने फुटलेली दिसतील. पायांच्या अंगठ्यांतून मुळे निघालेली असतील. आणि चेहरा? तोंड उघडे आहे, पण ते प्रेमाने नव्हे. ती किंचाळते आहे.

हिचे नाव डॅफ्नी. पेनिअस नावाच्या नदीदेवाची ही मुलगी. रोमन कवी ओव्हिड याने दोन हजार वर्षांपूर्वी तिची कथा सविस्तर सांगून ठेवली आहे. डॅफ्नीला लग्न करायचे नव्हते. रानात हिंडावे, शिकार करावी, यातच तिचा जीव रमलेला. बाप म्हणे, "मुली, तू मला जावई देणे लागतेस, नातवंडे देणे लागतेस." (हा संवाद कुठल्याही मराठी घरातला वाटावा!) तिने बापाच्या गळ्यात हात टाकून हट्ट धरला आणि बाप विरघळला. एवढ्यात वरच्या मजल्यावर देवांचे भांडण झाले. अजगर मारून आलेल्या अपोलोने क्युपिडच्या चिमुकल्या धनुष्याची टिंगल केली. क्युपिड चिडला. त्याने सोन्याचा बाण अपोलोला मारला, तो प्रेमाने वेडा झाला. शिशाचा बाण डॅफ्नीला मारला, तिला प्रेमाचा तिटकारा आला. पैज दोघा पुरुष देवांची, आणि धावायची पाळी तिची.

ती धावली. तो मागे लागला. काट्यांत पडशील, जपून धाव, तू हळू धावलीस तर मीही हळू येईन, असे सांगत तो पाठलाग करत होता. यात काळजी किती आणि धमकी किती, हे ज्या मुलीचा पाठलाग कधी झाला आहे तिलाच विचारावे. शेवटी त्याचा श्वास तिच्या मानेवर जाणवू लागला, तेव्हा तिने बापाचा धावा केला: ज्या रूपापायी हे भोगते आहे ते रूपच काढून घ्या. क्षणात तिच्या अंगावर साल चढली, केसांची पाने झाली, धावणारे पाय जमिनीत रुतले. अपोलोने झाडाला मिठी मारली. सालीखाली तिचे काळीज अजून धडधडत होते. त्याने झाडाचे चुंबन घेतले, तर लाकूडसुद्धा अंग चोरून मागे सरले. तरीही देव काही हटला नाही. बायको नाही तर नाही, माझे झाड तरी होशील, असे म्हणून त्याने तिची पाने डोक्यावर मिरवायला घेतली. पुढे डेल्फीच्या खेळांत विजेत्यांना याच पानांचा मुकुट मिळू लागला. इंग्रजीत नोबेल विजेत्याला जो लॉरिएट शब्द लावतात, तो याच लॉरेलच्या झाडावरून आला. ग्रीक भाषेत या झाडाचे नाव आजही डॅफ्नीच आहे. आपल्या मसाल्याच्या डब्यातले तमालपत्रही याच कुळातले, चुलत बहीण म्हणा ना!

शोकेसमधली जोडी ज्या मूळ शिल्पाची नक्कल आहे, ते रोममध्ये बोर्गेझे संग्रहालयात आहे. जान लोरेन्झो बर्निनी या शिल्पकाराने ते १६२२ ते १६२५ या काळात संगमरवरात घडवले. पानांच्या कडा इतक्या पातळ की त्यांतून उजेड झिरपतो. पण कारागिरीपेक्षाही मोठी गोष्ट ही, की बर्निनीने काहीही लपवलेले नाही. तिची किंकाळी आहे, भीती आहे, आणि त्याला ती अजून कळलेलीच नाही हेही त्याच्या चेहऱ्यावर आहे. वीतभर उंचीच्या रेझिनच्या नकलेत हे सगळे पुसट होते आणि उरतात फक्त दोन सुंदर देह. पाठलागाचे प्रेम व्हायला एवढी झीज पुरते.

याच संग्रहालयात बर्निनीची आणखी एक जोडी आहे आणि तिच्याही नकला दुकानांत दिसतात. दाढीवाला राजा एका तरुणीला उचलून घेऊन निघाला आहे, पायाशी तीन तोंडांचा कुत्रा. हा पाताळाचा राजा हेडीस, रोमन लोकांचा प्लूटो. ती पर्सेफोनी, धनधान्याची देवता डिमीटर हिची लेक. राजाची बोटे तिच्या मांडीत रुतलेली आहेत, आणि तिच्या गालावर दगडाचा अश्रू आहे. नकलेत तो अश्रू शोधून पाहावा.

पर्सेफोनीची कथा ही खरे तर आईची कथा आहे. मुलगी कुरणात फुले वेचत होती. जमीन दुभंगली आणि पाताळाच्या राजाने तिला रथात घालून नेले. हे लग्न ठरवले होते कुणी? तिच्या बापाने, झ्यूसने. आईला विचारलेसुद्धा नव्हते. डिमीटर नऊ दिवस हातात मशाली घेऊन, अन्नपाणी सोडून लेकीला शोधत फिरली. खरे कळले तेव्हा देवलोक सोडून म्हातारीच्या वेशात इल्युसिस गावी गेली आणि विहिरीपाशी बसून राहिली. मग तिने पीकच रोखून धरले. पेरलेले उगवेना. माणसे उपाशी मरू लागली, देवांचे नैवेद्य बंद झाले, तेव्हा कुठे बापाला जाग आली. मुलीला परत पाठवण्याचे ठरले. पण निघताना नवऱ्याने तिला डाळिंबाचा दाणा खायला घातला होता आणि पाताळातले अन्न ज्याने खाल्ले त्याला तिथे परतावेच लागते. तडजोड झाली: वर्षाचा एक तृतीयांश काळ नवऱ्याकडे, दोन तृतीयांश आईकडे. लेक माहेरी येते तेव्हा रान फुलते. जात्यावर ओव्या गाणाऱ्या बाईला ही गोष्ट सांगितली असती, तर तिला ती परकी वाटली नसती.

त्या इल्युसिसमध्ये मूर्तीचे काय झाले ते ऐकण्यासारखे आहे. डिमीटरची पूजा तिथे हजारो वर्षांपूर्वी सुरू झाली आणि इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोमन सम्राटाच्या हुकुमाने ती संपली. पण गावकऱ्यांनी सगळेच सोडले नव्हते. १८०१ साली एडवर्ड डॅनियल क्लार्क हा इंग्रज प्रवासी तिथे पोहोचला. गावात संगमरवरी स्त्रीमूर्तीचा एक प्रचंड भग्न अर्धदेह होता आणि तो गळ्यापर्यंत शेणखतात बुडालेला होता. अनादराने नव्हे बरे. गावकरी ख्रिस्ती झाले होते, पण आपल्या शेताचे पीक या बाईच्या हाती आहे ही त्यांची श्रद्धा होती. म्हणून खत तिच्याभोवती. आपल्याकडे बांधावरच्या शेंदूर फासलेल्या दगडाला नारळ फोडतात, तसेच. क्लार्कने तुर्की अधिकाऱ्याकडून परवानगी मिळवली आणि मूर्ती हलवायला घेतली. तो स्वतःच लिहून ठेवतो, की आदल्या संध्याकाळी एक बैल जू सोडवून आला, मूर्तीला शिंगे मारू लागला आणि हंबरत रानात पळाला. गावकरी घाबरले. मूर्तीला हात लावायला कुणी तयार होईना. अखेर गावच्या पाद्र्याने स्वतः पुढे होऊन काम सुरू केले, तेव्हा ती हलली. पुढे तिला नेणारे जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ फुटले, मूर्ती तेवढी वाचली. आज ती केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात आहे. अभ्यासकांच्या मते ती डिमीटर नाहीच, मंदिराच्या महाद्वाराचा भार डोक्यावर पेलणारी सेविका आहे. तिची जोडीदारीण अजून इल्युसिसच्या संग्रहालयात उभी आहे.

देवी असो वा सेविका, खतात बुडालेली होती तोवर तिच्याकडे गावाचे काही मागणे होते. संग्रहालयात ती नुसती पाहण्याची वस्तू झाली. तिथून दिवाणखान्यात यायला मग फारसा वेळ लागत नाही.

बाकी ही पांढराई हासुद्धा एक गैरसमजच. प्राचीन ग्रीकांच्या मूर्ती रंगवलेल्या असत, ओठ लाल, वस्त्रांना निळ्या-पिवळ्या किनारी. काळाच्या ओघात रंग उडाले, मूर्ती पांढऱ्या उरल्या आणि युरोपने त्या पांढऱ्यालाच सौंदर्याचा कळस ठरवले. रंगाचा उरलासुरला अंश शोधून विन्सेंझ ब्रिंकमान या जर्मन अभ्यासकाने रंगीत प्रतिकृती करवून घेतल्या. २००३ साली म्युनिचमध्ये त्या मांडल्या गेल्या, तेव्हा बघणारे दचकले. आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यात बालपण गेलेल्यांना त्यात दचकण्यासारखे काही वाटू नये. (जाता जाता: रेझिनची मूर्ती ओल्या फडक्याने पुसली तरी चालते, प्लास्टरला पाणी लागू देऊ नये, आणि खऱ्या संगमरवराला लिंबू किंवा व्हिनेगर चुकूनही लावू नये. आम्लाने दगड झिजतो.)

आपली मुंबईही या पाहुण्यांपासून सुटलेली नाही. फोर्टमधल्या हुतात्मा चौकात १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन आहे. माथ्यावरची फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. लोकलमधून उतरून ऑफिस गाठणारी किती माणसे मान वर करून तिच्याकडे बघत असतील? तिचीही गोष्ट ओव्हिडने सांगितली आहे, आणि ती तिच्याच तोंडून. पूर्वी ती क्लोरिस नावाची ग्रीक वनकन्या होती. पश्चिमवारा झेफिर तिच्या मागे लागला. ती पळाली, पण तो जोरकस होता. नंतर त्याने लग्न केले आणि फुलांचे राज्य तिच्या नावे करून दिले. माझी काही तक्रार नाही, असेही ती म्हणते. डॅफ्नी झाड झाली, क्लोरिस देवी झाली. सुरुवात दोघींची एकच.

केसांच्या जागी साप असलेली मेड्युसा तर घराघरांत शोभेची झाली आहे, एका इटालियन फॅशन घराण्याचे ती बोधचिन्हही आहे. ओव्हिडच्या कथेत समुद्रदेवाने तिच्यावर अथीनेच्या देवळात अत्याचार केला आणि शिक्षा मिळाली ती तिलाच, केसांचे साप झाले. पुढे झोपेत तिचे मुंडके कापणारा पर्सियस वीर ठरला. लुचानो गार्बाती या शिल्पकाराने २००८ साली हा प्रसंग उलटा घडवला, तलवार मेड्युसाच्या हाती आणि मुंडके पर्सियसचे. २०२० मध्ये ती मूर्ती न्यूयॉर्कमध्ये फौजदारी न्यायालयासमोरच्या बागेत उभारली गेली आणि तिच्यावर वाद झडला. पर्सियसच्या हातातल्या मुंडक्यावर मात्र लोकांनी शतकानुशतके निवांत नजर टाकली होती.

मग लग्नात द्यावे तरी काय? ग्रीकच हवे असेल तर एक जोडी आहे. पडलेली तरुणी हात उंचावून पंखवाल्या तरुणाला मिठीत घेते आहे, तो वाकून तिचे डोके सावरतो आहे. आंतोनियो कानोव्हाचे हे शिल्प १७९३ मध्ये पूर्ण झाले, ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तो क्युपिड, ती सायकी. इथे ती पळत नाही, तिचे हात त्याच्याभोवती आहेत.

त्यांची कथा दुसऱ्या शतकातल्या अपुलियसने लिहिली, आणि ती सासूच्या जाचाची आहे. सायकीच्या रूपापुढे लोक व्हीनसची देवळे विसरले, म्हणून व्हीनस तिच्यावर जळत होती. त्यात मुलगाच तिच्या प्रेमात पडला. पुढे नवरा दुरावला, तेव्हा दिवस गेलेली सायकी सासूच्या दारी आली. सासूने गहू, बाजरी, मसूर, हरभरे, खसखस यांचा एक ढीग केला आणि रात्रीच्या आत निवडून ठेव म्हणाली. मुंग्या मदतीला धावल्या. मग आणखी कामे, एकाहून एक अवघड, शेवटी पाताळातून सौंदर्याची डबी आणायची. ती आणणारी सायकी ज्या राणीसमोर उभी राहिली, ती आपलीच पर्सेफोनी! परत येताना सायकीने डबी उघडली आणि ती मरणाच्या झोपेत कोसळली. क्युपिड उडत आला, त्याने तिला उठवले. कानोव्हाने पकडला आहे तो हाच क्षण.

देवांनी मग त्यांचे रीतसर लग्न लावले. सायकीला अमृत पाजले, मेजवानी झाली, आणि त्या मेजवानीत व्हीनस स्वतः नाचली. पुढे दोघांना मुलगी झाली. तिचे नाव आनंद या अर्थाचेच ठेवले.